पितळी कुलपाचे वय ओळखताना

हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात किंवा जुन्या घराच्या कोठीत सापडलेल्या पितळी कुलपाचे वय काढायचे, तर त्यावरची सर्वांत नवी खूण शोधावी. लिव्हरच्या, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्यांच्या, कुलपाचे रॉबर्ट बॅरन या इंग्रजाचे पेटंट १७७८चे आहे, पण तशी कुलपे आजही बनतात. उलट, अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा एक जरी स्क्रू मूळचा असेल, तर कुलूप १९३०च्या दशकाआधीचे नाही.

पहिल्यांदा चुंबक लावा. अंगाला घट्ट चिकटला तर ते पितळेचा मुलामा दिलेले लोखंड. आतल्या पोलादी स्प्रिंगमुळे होणारी किंचित ओढ वेगळी कळते. कडी चिकटली तर चिंता नको; पितळी कुलपांना लोखंडी कड्या सर्रास असत.

मग भिंग घ्या आणि उजेड बाजूने पाडा. मुकुटाखाली ‘व्हीआर’ ही अक्षरे व्हिक्टोरिया राणीची, म्हणजे १८३७ ते १९०१. ‘जीआर’ दोन जॉर्ज राजांची, १९१० ते १९५२. मुरगावची रेल्वे पुढे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होती, त्यामुळे ‘एम अँड एसएम’ अक्षरांचे कुलूप गोव्यात मिळाले तर नवल नाही. त्या रेल्वेचा काळ १९०८ ते १९५१.

मात्र नुसत्या अक्षरांवर विसंबू नका, नकली माल तिथेच फसवतो. ठोकून उठवलेल्या ठशाची कड धारदार असते आणि भोवतीचा धातू जरा वर आलेला असतो. जुन्या कुलपाचा साचा काढून ओतलेल्या नकलेत अक्षरे गोलसर, तळ रवाळ. खरी झीज वापराच्या जागीच दिसते: कोयंड्यावर घासणारा कडीचा आतला भाग, किल्लीच्या भोकाची कड, आणि भोकावरचे झाकण फिरून उमटलेली कमानीसारखी रेघ. झाकण आहे पण रेघ नाही, तर संशय घ्यावा. कळंकही कोपऱ्यांत साचतो, हात लागणाऱ्या कडा लख्ख राहतात. सगळीकडे सारखा हिरवा थर बहुधा रसायनाचा.

किनाऱ्यावरच्या कुलपांवर तांबूस डाग दिसतात. खाऱ्या दमट हवेत पितळेतले जस्त निघून जाते आणि सच्छिद्र तांबे उरते. त्या डागांवरून वय ठरत नाही. आमसुलात किंवा चिंचेत फार वेळ बुडवून ठेवले तरी पितळ गुलाबी पडते, शिवाय ठशाभोवतीचा पुरावा धुऊन जातो.

रिव्हेट काढू नका. लिव्हर भोकातून टॉर्चने मोजता येतात. अडकलेल्या कुलपात रॉकेलचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवा, नंतर ग्राफाइटची पूड घाला. खोबरेल तेल आत चिकट होऊन लिव्हर जाम करते. अमोनिया असलेले पॉलिश तर लावूच नका. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की तडकत: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, ओल आणि घडवताना धातूत राहिलेला ताण एकत्र आल्यामुळे. पत्रा दाबून केलेल्या कुलपातही तसाच ताण असतो.