लायनर लॉक: एक पट्टी, तीन कामं

परवा एका फोल्डिंग चाकूची जाहिरात बघितली, म्हणे "एरोस्पेस ग्रेड टायटॅनियम, म्हणून पिसासारखा हलका". टायटॅनियम हलकं आहेच, घनता 4.5 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, स्टीलची साधारण 7.8, पण त्याला धार टिकत नाही म्हणून पातं स्टीलचंच ठेवावं लागतं, आणि नुसती मूठ हलकी हवी असेल तर काचतंतू घातलेलं नायलॉन 1.4 च्या आसपास येतं! "एरोस्पेस ग्रेड" म्हटल्याने एक ग्रॅमही कमी होत नाही.

वजन खरं कमी झालं ते पार्ट कमी केल्याने. शेफिल्डच्या कारागिरांनी 17व्या शतकात मुठीच्या पाठीला स्प्रिंग बसवली, पातं उघडं राहायला लागलं पण मुठीएवढी लांब स्टीलची पट्टी आली. कार्ल एल्सनरचा स्विस सैनिकांसाठीचा 1891 चा चाकू मजबूत पण जड होता, म्हणून 1897 च्या ऑफिसर्स नाइफमध्ये त्याने एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना हत्यारं बसवली. फ्रान्सच्या ओपिनेलला तर स्प्रिंगच नाही, चीर पाडलेली लाकडी मूठ आणि 1955 पासून फिरणारी लॉकची रिंग, 8 नंबरचा चाकू जेमतेम 45 ग्रॅम!

पण माझं मन अडकलंय ते लायनर लॉकमध्ये. मुठीच्या आत आधारासाठी पातळ पत्रा असतो तो लायनर. तो कापून लॉक करायची कल्पना जुनी, पण त्यात पाठीची स्प्रिंग तशीच राहायची. अमेरिकेतल्या चाकू कारागीर मायकल वॉकरने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तीच काढून टाकली. लायनर उभा चिरून एक जीभ आतल्या बाजूला वाकवलेली असते, पातं पूर्ण उघडलं की ती टक् करून पात्याच्या बुडामागे सरकते, आणि तिच्यावर बसवलेली बारीक गोळी बंद पात्याच्या खळग्यात बसून पातं आपोआप उघडू देत नाही. म्हणजे आधार, स्प्रिंग, लॉक सगळं एकच पट्टी!

आता बघा, पात्याचं बूड जिथे जिभेला टेकतं तिथे साधारण 8 अंशांचा उतार असतो, tan 8° म्हणजे 0.14, आणि स्टीलचं पातं आणि टायटॅनियमची जीभ यांच्यातला घर्षणांक त्याहून जास्त असतो, त्यामुळे पात्यावर जोर आला तरी जीभ पाचरीसारखी अडकून बसते, सहसा घसरत नाही. उतार जास्त ठेवला तर निसटेल, फार कमी ठेवला तर अंगठ्याने सुटणारच नाही.

आणि टायटॅनियमचा खरा उपयोग इथे आहे. त्याची ताठरता स्टीलच्या साधारण निम्मी, त्यामुळे जीभ सहज वाकते आणि परत जागेवर येते. चाकू बनवणाऱ्या क्रिस रीव्हने आपल्या सेबेन्झा नावाच्या चाकूमध्ये पुढे जाऊन आतला लायनरही काढला, टायटॅनियमची मूठच चिरून तिचीच जीभ केली.