दुःख आपलं, पण दार कुणाचं?

आमच्याकडे खान्देशात कुणी गेलं की दोन-तीन दिवसांत घरात विषय निघतोच, दारावर कधी जायचं. म्हणजे मयतीला जाता आलं नाही तर नंतर त्या घरी जायचं, ओट्यावर नाहीतर आत सतरंजीवर जरा वेळ बसायचं, फार बोलायचं नाही, काय झालं होतं एवढं विचारायचं आणि उठायचं. पेपरातल्या निधनवार्तांमध्ये याचंच जरा सोवळं नाव छापतात, द्वारदर्शन. पुढे गंधमुक्तीची तारीख असते, ती झाली की दुखवटा संपला, माणसं शेतात नाहीतर ड्युटीवर. व्यवस्था शहाणी आहे, पण तिला एक दार लागतं. ज्या माणसाला आपण आयुष्यात कधी पाहिलंच नाही, फक्त पडद्यावर बघितलं किंवा रेडिओवर ऐकलं, तो गेला तर बसायचं कुणाच्या दारावर?

हे डोक्यात शिरलं ते ६ फेब्रुवारी २०२२ च्या रविवारी. सकाळी टीव्हीवर लताबाई गेल्याची बातमी आली आणि आमची आजी, जिची अंघोळ-देवपूजा सगळं उरकलं होतं, ती उठली आणि पुन्हा डोक्यावरून पाणी घेऊन आली. लांबच्या नात्यातलं कुणी गेल्याचं कळलं की करतात तशी अंघोळ. बाबा हसले, म्हणाले अगं आई, तुझी कोण लागते ती? आजी म्हणाली, भाची.

आता हे ऐकायला गमतीशीर वाटतं पण आजीचं गणित चुकीचं नव्हतं. शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर थाळनेर आहे, फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या काळातली राजधानी, किल्ल्याचे अवशेष अजून आहेत. लताबाईंची आई शेवंती ही इथल्या हरिदास लाड या गुजराती व्यापाऱ्याची मुलगी. दीनानाथांचं आधी तिच्याच मोठ्या बहिणीशी लग्न झालं होतं, ती वारली, मग शेवंतीशी झालं, आणि नाव बदलून ती झाली माई मंगेशकर. म्हणजे थाळनेर लताबाईंचं आजोळ, आणि आपल्याकडे लेकीची मुलगी एका घराची भाची नसते, सगळ्या गावाची असते. आजीचं माहेर तिथून सायकलच्या अंतरावर, म्हणून तिने स्वतःलाही त्या हिशेबात घेतलं. सरकारने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला, राज्यात सोमवारी सुट्टीही दिली, पण आजीला त्या परवानगीची गरज नव्हती, तिच्याकडे नातं होतं. माझ्याकडे नव्हतं, आणि तरी मला दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं होत होतं, ते का, हा खरा प्रश्न.

न भेटलेल्या माणसासाठी रडणं ही फिल्मवाल्यांनी आणलेली थेरं आहेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यातले निम्मे मुक्ताईच्या पालखीत चालतात. मुक्ताई १२९७ च्या सुमाराला तापीकाठी विजेच्या लोळात गुप्त झाली असं परंपरा सांगते, कोथळी-मेहूणचा परिसर तिचा, एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावाने. सातशे वर्षं झाली. आजही वैशाखात अंतर्धान सोहळ्याला कीर्तनकार तो प्रसंग लावतो तेव्हा मंडपात बायका पदर डोळ्याला लावतात, आणि आषाढीला तिची पालखी इथून महिनाभर चालत पंढरपूरला जाते. तिला कुणी पाहिलंय? कुणीच नाही. पण तिथे रडायला जागा आहे, दिवस ठरलेला आहे, सोबत माणसं आहेत, त्यामुळे कुणी विचारत नाही की तुझी कोण लागते.

मग बदललं काय, तर बातमी पोचायचा वेग आणि त्या माणसाचं आपल्या घरात असणं. आधी वेग बदलला. १ ऑगस्ट १९२० ला टिळक मुंबईत सरदारगृहात गेले तेव्हा तार होती, छापखाने होते, रेल्वे होती, आणि गर्दी एवढी लोटली की अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता चौपाटीवर झाले. त्या गर्दीतल्या कितीतरी लोकांनी टिळकांना फक्त वाचलेलं असणार, किंवा दुसऱ्याने वाचून दाखवताना ऐकलेलं. तिकडे सहा वर्षांनी, २३ ऑगस्ट १९२६ ला, अमेरिकेत रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा मूकपटातला हिरो ३१ व्या वर्षी वारला आणि न्यूयॉर्कात त्याचं शव ठेवलं होतं तिथे लाखभर लोक जमले, काचा फुटल्या, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. लक्षात घ्या, मूकपट. या माणसाचा आवाजही बहुतेकांनी ऐकला नव्हता. लोकांना दार हवं होतं आणि ते दिसलं तिथे त्यांनी धडक मारली, असं मला वाटतं. पेपरवाल्यांनी मात्र तेव्हाही त्याला बायकांचं वेड म्हणून निकालात काढलं, म्हणजे टिंगल करणारेही काही नवे नाहीत.

आवाज घरात आला रेडिओने. अमीन सयानींची गीतमाला रेडिओ सिलोनवर १९५२ ला सुरू झाली, आणि ‘बहनो और भाइयो’ म्हणणारा तो माणूस लाखो लोकांशी बोलत असला तरी जो तो समजायचा की माझ्याशीच बोलतोय. त्याच स्टेशनवर सकाळी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा आणि तो आठच्या आत सैगलच्या गाण्याने संपायचा. सैगल वारला १९४७ ला. म्हणजे मेलेल्या माणसाचा आवाज वर्षानुवर्षं रोज सकाळी घरात, आणि त्यावर लोक घड्याळं लावायचे, सैगल लागला म्हणजे निघा आता. ग्रामोफोन आणि रेडिओच्या आधी हे शक्यच नव्हतं. माणूस गेला की आवाज गेला, एवढं साधं होतं.

या एकतर्फी ओळखीला शास्त्रात नाव मिळालं ते १९५६ मध्ये. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी अमेरिकेत एक लेख लिहिला, टीव्ही-रेडिओवरची माणसं कॅमेऱ्यात बघून अशी बोलतात की प्रेक्षकाला वाटतं आपली ओळख आहे, तो मनातल्या मनात उत्तरं देतो, त्यांच्या सवयी त्याला पाठ होतात, पण ही मैत्री एकाच बाजूने चालते. दुरूनची जवळीक, असं त्यांनी म्हटलं. आता यावर नाकं मुरडणारे म्हणतात की बघा, म्हणजे खोटी जवळीक. मला तसं वाटत नाही, वीस-तीस वर्षं रोज कानावर पडणारा आवाज हा सख्ख्या चुलतभावापेक्षा जास्त ओळखीचा असतो, चुलतभाऊ तर लग्नात भेटतो.

त्याच वर्षी, ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेब दिल्लीत गेले आणि ७ तारखेला दादरच्या चौपाटीवर लाखोंचा समुदाय होता. हे मी नटनट्यांच्या रांगेत बसवत नाहीये, ते दुःख वेगळ्या जातीचं, ज्याने आयुष्यच बदललं त्याच्यासाठीचं. पण दाराच्या गोष्टीत ते येतंच, कारण या लोकांनी दार नुसतं शोधलं नाही, उभं केलं. दर डिसेंबरला विदर्भाकडून येणाऱ्या गाड्या भुसावळ-जळगाव करत चैत्यभूमीला भरून जातात. आणि आपल्या धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे, बाबासाहेब १९३७ मध्ये कोर्टाच्या कामाला धुळ्यात आले तेव्हा तिथे राहिले होते, तर तिथे दर वर्षी ३१ जुलैला भीमस्मृती यात्रा भरते. जन्मस्थळ नाही, समाधी नाही, फक्त थोडा मुक्काम झालेली जागा. तेवढंही पुरतं माणसाला.

स्मिता पाटीलचं तसं झालं नाही, आणि आमच्या आईला अजून ते लागतं. शिरपूरचे शिवाजीराव गिरधर पाटील, राज्यात मंत्री होते, त्यांची ही मुलगी, म्हणजे पुन्हा शिरपूरच. सुरुवातीला मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायची, पण त्या आमच्याकडे कुठल्या दिसायला, खान्देशाने तिला थेट सिनेमातच पाहिली. १३ डिसेंबर १९८६ ला गेली, वय ३१, मुलगा दोन आठवड्यांचा. आई तेव्हा स्वतः पहिलटकरीण, माहेरी आलेली. ती सांगते की पेपर वाचून मला रडू फुटलं तर घरात सगळे ओरडले, अशा अवस्थेत रडू नये, आणि ती काय आपल्या घरातली होती का. रंगाने आपल्यासारखी सावळी, आडनाव आपल्यासारखं, गाव आपल्याकडचं आणि बाळंतपणात गेलेली, आईला भीती कुणाची वाटली हे उघड आहे, पण तेव्हा कुणी विचारलं नाही. तिने तो पेपर ट्रंकेत तळाशी टाकून ठेवला, तो अजून आहे.

याला पण नंतर नाव मिळालं. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ च्या पुस्तकात अशा दुःखाबद्दल लिहिलं की ज्याला समाज दुःख मानतच नाही, त्यामुळे ते उघडपणे करता येत नाही, सांत्वनालाही कुणी येत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याचं सुतक लागत नाही असं दुःख. तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर घटस्फोटित नवरा-बायको, न जन्मलेलं मूल असले प्रकार होते, पण आईची ट्रंक त्यात फिट बसते.

३१ ऑगस्ट १९९७ ला डायना गेली, लोकांनी राजवाड्याच्या फाटकाबाहेर फुलांचे ढीग लावले आणि ६ सप्टेंबरची अंत्ययात्रा अख्ख्या जगाने लाइव्ह बघितली, आमच्या गल्लीतसुद्धा. आदल्याच दिवशी कोलकात्यात मदर तेरेसा गेल्या होत्या, त्यांच्यासाठी गल्लीत कुणी रडल्याचं आठवत नाही. मोठेपणाचा आणि रडण्याचा संबंध कमीच, ओळखीचा जास्त.

मग २०२०. त्या वर्षी अख्खं जगच दारावर जाऊ शकत नव्हतं. इरफानची आई २५ एप्रिलला जयपूरला गेली, लॉकडाऊनमुळे मुलालाच जाता आलं नाही, आणि चार दिवसांनी २९ ला तो मुंबईत गेला, दफन मोजक्या माणसांत. आमच्या गावातही त्या महिन्यांत मयतीला मोजून माणसं असायची आणि बाकी सगळे स्टेटसला फोटो लावायचे, मग इरफानचा फोटो आणि शेजारच्या काकांचा फोटो एकाच रांगेत, दोन्हीच्या खाली भावपूर्ण श्रद्धांजली. फॉरवर्डच्या त्या पुरात खोटं पुष्कळ होतं, पण त्या वेळी घरच्या माणसाला आणि पडद्यावरच्या माणसाला आपण निरोप एकाच खिडकीतून दिला एवढं खरं.

तर लताबाई. त्या फेब्रुवारीनंतरची पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ३ मेला आली. आखाजीला आमच्याकडे पितरांसाठी घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोऱ्या, आमरस, आणि एकेका पितराचं नाव घेत उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. आजीने आजोबांचं ओढलं, पणजीचं ओढलं, धाकट्या दिराचं ओढलं, तिची बोटं आम्हाला पाठ आहेत. त्या वर्षी एक जास्त निघालं. आईने विचारलं, हाई कोनं?

आजी म्हणाली, भाचीनं. आणि हात पुसत विचारलं, डांगर कापं का?