नपुंसकत्वावरची औषधं आणि शेअर बाजार: गोळी खपली, पैसा कुणाला मिळाला?

२७ मार्च १९९८ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, फायझर कंपनीच्या व्हायग्रा या नपुंसकत्वावरच्या गोळीला मंजुरी दिली आणि पुढचे काही आठवडे फायझरचा शेअर सगळ्यांच्या तोंडी होता. इंग्लंडमधल्या सँडविच गावातल्या प्रयोगशाळेत हे औषध छातीतल्या कळांसाठी तयार झालं होतं. त्या आजारावर त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला आणि कंपनीने दिशा बदलली. पहिल्याच वर्षी विक्री ७८.८ कोटी डॉलर झाली. पण त्या वर्षी फायझरची एकूण उलाढाल सुमारे साडेतेरा अब्ज डॉलर होती, म्हणजे व्हायग्राचा वाटा जेमतेम सहा टक्के. निव्वळ या गोळीकडे बघून फायझर घेणाऱ्याच्या हाती प्रत्यक्षात भलामोठा, अनेक औषधांचा धंदा येत होता.

खरी जोखीम छोट्या कंपन्यांत होती आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या व्हिव्हस कंपनीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. नोव्हेंबर १९९६ मध्ये तिच्या 'म्यूज'ला मंजुरी मिळाली. तांदळाच्या दाण्याएवढी औषधाची कांडी प्लास्टिकच्या नळीने मूत्रमार्गात सोडायची, असा तो प्रकार. त्याआधी लिंगात इंजेक्शन घ्यावं लागे, म्हणून लोकांना हीसुद्धा मोठी सुटका वाटली आणि शेअर चढला. दीड वर्षाने साधी गोळी आली आणि म्यूजची मागणी ओसरली. शेअरही कोसळला. औषधात दोष निघाला नव्हता. रुग्णाला त्याहून सोपा पर्याय मिळाला होता, एवढंच. व्हिव्हसने पुढे २०१२ मध्ये स्वतःची गोळीही बाजारात आणण्याची परवानगी मिळवली, पण कर्जाचं ओझं हटलं नाही आणि जुलै २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आयकॉसचं वेगळं झालं. सिएटलजवळची ही कंपनी १९९० च्या सुमारास उभी राहिली, बिल गेट्स यांनी तिच्यात सुरुवातीलाच पैसे घातले होते. सेप्सिसवरचं (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होण्याच्या जीवघेण्या अवस्थेवरचं) तिचं औषध २००२ मध्ये फसलं आणि सगळी भिस्त सियालिसवर आली. छत्तीस तास परिणाम टिकवणारी ही गोळी नोव्हेंबर २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली खरी, पण ती एली लिली या बड्या औषध कंपनीबरोबरच्या भागीदारीत होती. २००७ च्या सुरुवातीला लिलीने ३४ डॉलर प्रति शेअर देऊन, सुमारे २.३ अब्ज डॉलरला, अख्खी आयकॉस घेतली. त्यानंतर सियालिसची वार्षिक विक्री दोन अब्जांच्या वर गेली. त्यातला वाटा आयकॉसच्या जुन्या भागधारकांना मिळाला नाही, लिलीच्या भागधारकांना मिळाला.

पेटंटच्या बाबतीत तर प्रत्येक देशात निराळा निकाल लागला. ब्रिटनमध्ये व्हायग्राचं वापराचं पेटंट (म्हणजे हे औषध या आजारासाठी वापरण्याचा हक्क) २००० मध्येच कोर्टात रद्द झालं. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फायझरविरुद्ध निर्णय दिला, कारण पेटंटच्या अर्जात अनेक रसायनांची यादी होती, पण नेमकं कोणतं काम करतं हे उघड केलं नव्हतं. अमेरिकेत मात्र तेवा या इस्रायली कंपनीशी झालेल्या तडजोडीनुसार जेनेरिक गोळी, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेली त्याच औषधाची स्वस्त गोळी, ११ डिसेंबर २०१७ ला आली. एकाच गोळीची कमाई एका देशात लवकर आटते आणि दुसऱ्या देशात पाच वर्षं जास्त चालते. हा हिशेब भागधारकाने जाहिरातीआधी बघायला हवा.

भारतात १९७० च्या कायद्याने औषधाला नव्हे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत असे. त्यामुळे २००१ च्या आसपासच सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं मूळ औषध, केमिस्टकडे आलं: कॅडिलाचं पेनेग्रा, रॅनबॅक्सीचं कॅव्हर्टा, मुंबईच्या सिप्लाचं सिलाग्रा. फायझरची अस्सल व्हायग्रा २००५ च्या अखेरीस आली तेव्हा स्वस्त गोळ्यांनी बाजार भरला होता. इथे कमाई संशोधनातून आली नाही, ती ब्रँड आणि वितरणातून आली. मॅनफोर्स या नावाने कंडोम आणि सिल्डेनाफिलच्या गोळ्या विकणारी मॅनकाइंड कंपनी २०२३ मध्ये १,०८० रुपये भावाने बाजारात उतरली. ४,३२६ कोटींचा तो इश्यू पूर्णपणे जुन्या भागधारकांच्या विक्रीचा होता. कंपनीच्या तिजोरीत त्यातला एक रुपयाही आला नाही.