सेप्सिसग्रस्त मुलांची प्रतिकारशक्ती पूर्ववत करण्याचे प्रयत्न: पार्श्वभूमी

सेप्सिसवरील (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादातून अवयव निकामी होऊ लागण्याच्या स्थितीवरील) औषधशोध सुरुवातीला मुख्यतः दाह दडपण्याभोवती फिरत होता आणि त्यातून मुलांच्या पदरी फारसे काही पडले नाही. १९९७ मध्ये प्रौढांवरील एका छोट्या जर्मन अभ्यासाने उलटी दिशा दाखवली. ज्यांच्या मोनोसाइट पेशी (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) निष्क्रिय झाल्या होत्या अशा रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा हे प्रतिकारशक्ती चेतवणारे प्रथिन दिल्यावर त्या पेशींवरील एचएलए-डीआर रेणू (जंतूंचे अंश इतर प्रतिकारपेशींना दाखवणारा) आणि टीएनएफ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन बनवण्याची क्षमता दोन्ही सावरली.

२००९ मध्ये २८० अकालप्रसूत, कमी वजनाच्या बाळांना जीएम-सीएसएफ (पांढऱ्या रक्तपेशींची वाढ आणि क्रिया चेतवणारे प्रथिन) देण्याची ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी वाढल्या, पण सेप्सिसविना जगण्याचे प्रमाण सुधारले नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली, जस्त, सेलेनियम, ग्लुटामिन आणि मेटोक्लोप्रमाइड एकत्र देण्याची अमेरिकी चाचणीही २९३ मुलांनंतर निष्फळ ठरून थांबवावी लागली होती. दोन्ही ठिकाणी कोणाची प्रतिकारशक्ती खालावली आहे हे आधी न तपासताच औषध दिले गेले, हा दोष पुढे पुरेसा अधोरेखित झाला नाही.

त्यामुळेच २०११ चा छोटा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यात मुलाचे रक्त परीक्षानळीत एंडोटॉक्सिनने (जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटकाने) चेतवून किती टीएनएफ तयार होते ते मोजले गेले. हे प्रमाण कमी असलेल्या, बहुअवयव निकामी झालेल्या १४ मुलांपैकी सात जणांना जीएम-सीएसएफ दिल्यावर टीएनएफ बनवण्याची क्षमता लवकर सावरली आणि रुग्णालयातील नवा जंतुसंसर्गही कमी आढळला. खरा वाद आहे तो 'कमी' कशाला म्हणायचे याचा. प्रतिमिलिलिटर २०० पिकोग्रॅम ही मर्यादा पुढे रूढ झाली खरी, पण एंडोटॉक्सिनची मात्रा, रक्त उबवण्याचा कालावधी किंवा मापनयंत्र बदलले की आकडा बदलतो, म्हणून एका प्रयोगशाळेचा निकष दुसरीकडे जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय १९९ आणि २०१ मधील फरकावर औषध द्यायचे की नाही हे ठरवणे, पेशींची क्षमता तासातासाला बदलत असताना, धाडसाचेच आहे. शॉकमध्ये (रक्तदाब कोसळल्यावर) दिले जाणारे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइडही हाच आकडा खाली ओढते, त्यामुळे आजार किती आणि उपचाराचा परिणाम किती हे वेगळे काढणे कठीण होते. एचएलए-डीआर मोजणे तुलनेने स्थिर असले तरी त्यासाठी फ्लो सायटोमेट्री (लेझरच्या साहाय्याने एकेक पेशी तपासण्याची पद्धत) लागते आणि ती प्रत्येक बालरोग अतिदक्षता विभागात रात्री-बेरात्री मिळत नाही.

अलीकडच्या अमेरिकी चाचणीत मुलांचे आधी वर्गीकरण होते: क्षीण प्रतिसाद असलेल्यांसाठी जीएम-सीएसएफ, तर अतिदाह असलेल्यांसाठी अनाकिन्रा हे दाह रोखणारे औषध. मात्र तिथेही वर्गवारी आकड्यांवरच उभी आहे.