डायव्हरच्या पाठीवर ऑक्सिजन असतो का?

‘स्कूबा डायव्हर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन प्रवाळ बघायला उतरतात,’ असं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. रुग्णालयातला सिलिंडर तसाच दिसतो, म्हणून ते खरंही वाटतं. पण आत असते दाबून भरलेली साधी हवा: सुमारे २१ टक्के ऑक्सिजन, बाकी बहुतेक नायट्रोजन.

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो. २० मीटरवर तो तिप्पट होतो. एवढ्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन विषारी ठरतो. अचानक झटके येतात, तोंडातला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) सुटतो आणि माणूस बुडू शकतो. म्हणूनच शुद्ध ऑक्सिजनची मर्यादा जेमतेम ६ मीटर.

खात्री करायचीय? सिलिंडर भरताना बघा. कॉम्प्रेसर भोवतालचीच हवा ओढून, गाळून भरतो. व्हॉल्व्ह किंचित उघडून ऑक्सिजनमापक धरा, आकडा २०.९च्या आसपास स्थिरावतो. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) असेल तर ३२ किंवा ३६ दिसेल, तसं लेबलही असतं.