सी सिक्स्थ की ए मायनर सेव्हन्थ?

पेटीवर सफेद एकचा सा धरा आणि सा, ग, प, ध या चार पट्ट्या एकदम दाबा. फोंड्याकडच्या भजनी मेळातल्या पेटीवादकाला यात चार ओळखीचे स्वर ऐकू येतील. शेजारी मडगावचा गिटारवाला बसला असेल, तर तो मात्र लगेच कॉर्डचं (एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचं) नाव विचारेल, आणि गोची तिथंच आहे. याच सा, ग, प, ध ना, म्हणजे सी, ई, जी, ए या चार स्वरांना, दोन नावं लागू पडतात: सी सिक्स्थ आणि ए मायनर सेव्हन्थ. मोबाईलवरच्या ॲपनं यातलं कुठलंही नाव दाखवलं तरी ते चूक नसतं, कारण नुसत्या स्वरांवरून इथं नाव ठरतच नाही.

सी सिक्स्थचा पाया सी. तिथून चार अर्धस्वरांवर (काळी धरून शेजारची प्रत्येक पट्टी म्हणजे एक अर्धस्वर) ई, सातांवर जी, नवांवर ए. म्हणजे साध्या मेजर कॉर्डवर (सा, ग, प) शुद्ध धैवत चढवला. ए मायनर सेव्हन्थचा पाया ए. तिथून तिनांवर सी, सातांवर ई, दहांवर जी. ए ला सा मानलं की हेच होतं सा, कोमल ग, प, कोमल नि.

मूर्च्छना, म्हणजे स्वर तेच ठेवून षड्ज बदलणं, माहीत असलेल्याला हे कोडं अर्धं सुटलेलंच असतं. भूप रागाच्या धैवताला षड्ज माना आणि त्याच पाच पट्ट्या वाजवा: धानी राग उभा राहतो. सी सिक्स्थचे चारही स्वर भूपात आहेत, ए मायनर सेव्हन्थचे धानीत. पट्टी एकही बदलली नाही, बदलला तो षड्ज. रागात षड्ज कुठला हे तंबोरा सांगतो. बँडमध्ये ते काम बरंचसं बेस, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, करतो. बेसवाला सी वर बसला असेल तर कान सी सिक्स्थ ऐकतो, ए वर गेला की ए मायनर सेव्हन्थ. वरचे स्वर कुठल्या क्रमानं लावले आहेत याला फार महत्त्व नाही.

गिटारवाल्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी. सी सिक्स्थचा जो सोपा आकार सर्रास शिकवला जातो (पाचव्या तारेवर तिसरा पडदा, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर दुसरा, दुसऱ्या तारेवर पहिला, पहिली तार मोकळी) त्यात जी नाहीच! वाजतात ते सी, ई, ए. बेसनं सी सोडून ए धरला की तो सरळ साधा ए मायनर होतो. पहिल्या तारेवर तिसरा पडदा दाबा, जी येतो आणि कॉर्ड पुरा होतो.

बेसवरही भागत नाही तेव्हा पुढचा कॉर्ड बघायचा. मला ही कसोटी सगळ्यात भरवशाची वाटते, आणि ती जुनी आहे. फ्रेंच संगीतकार रामो यानं 1722 मध्ये मांडलं की स्वर वरखाली फिरवले तरी कॉर्डचा पाया तोच राहतो. पण पुढं त्यालाच दाखवावं लागलं की अशा चार स्वरांच्या एका कॉर्डचे दोन पाये असू शकतात, आणि कुठला धरायचा हे चाल कुठं जाते त्यावरून ठरतं. समजा गाणं जी मेजरमध्ये आहे, म्हणजे गाण्याचा सा जी आहे. आपल्या चार स्वरांनंतर थेट जी मेजर आला, तर मागचा सी सिक्स्थ होता. डी सेव्हन्थ आला आणि मग जी, तर तो ए मायनर सेव्हन्थ. बेस दोन्ही वेळा सी वर असला तरी हे खरं.

गाणं सी मेजरमध्ये असेल आणि याच चार स्वरांवर संपत असेल, तर बेस सी वर आहे ना एवढं पाहून सी सिक्स्थ लिहून मोकळं व्हावं. डान्स बँडच्या वादकांना हा शेवट फार आवडायचा, आणि त्याला कारणही आहे: गायक वर सी वर थांबलेला असताना सी मेजर सेव्हन्थ (सा, ग, प, शुद्ध नि) वाजवला, तर त्यातला बी, म्हणजे नि, गायकाच्या स्वराला अर्ध्या स्वरावरून खटकतो. धैवत खटकत नाही.

वहीत कॉर्ड उतरवताना नावापुढं तिरकी रेघ मारून बेसचा स्वरही लिहावा. ए मायनर सेव्हन्थ, रेघ, सी: एवढ्यावरून पेटीवाल्याला षड्ज कळतो आणि बेसवाल्याला आपली जागा.