कान्हेरी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली?

"बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली," हे आपण लहानपणापासून ऐकतो. काळ्या पाषाणातली शंभराहून जास्त लेणी समोर आली की हे माणसाच्या हातचं वाटतच नाही. ही कथा का रुजली ते समजतं.

पण लेण्यांनीच आपली हकीकत कोरून ठेवली आहे. भिंतींवरच्या ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा इथल्या दात्यांनी बौद्ध भिक्षूंसाठी लेणी नि पाण्याची टाकी दान दिल्याच्या नोंदी आहेत.

पहिलं लेणं अर्धवट आहे. दर्शनी खांब उभे, आतला चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, कोरलेलाच नाही. कोंबडा आरवला म्हणून काम थांबलं, असं त्यावर सांगतात. मग तिसऱ्या लेण्यात चला. चैत्यगृह साधारण दुसऱ्या शतकातलं, तर व्हरांड्याच्या दोन टोकांच्या भव्य उभ्या बुद्धमूर्ती त्यानंतर तीनेकशे वर्षांनी कोरलेल्या. आतल्या खांबांवरची आणि या मूर्तींची घडण शेजारी ठेवून पाहा, वेगळे हात लगेच ओळखू येतात. नव्वदाव्या लेण्यात तर अकराव्या शतकात येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेखही आहेत, तेही तारखांसकट!